सत्यांक अकरा

मराठीत खोटं कसं लिहितात याचा उत्तम नमुना म्हणून माझं नाव एका सरकारी यंत्रात नोंदलेलं आहे. ही फुशारकी नव्हे, तसा कागद माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट.

मी डॉ. उल्का सरनाईक. पुण्यातल्या एका संस्थेत सव्वीस वर्षं संसर्गजन्य रोगांवर काम केलं, त्यातही जनावरांकडून माणसांकडे येणाऱ्या तापांवर. शिवाय कादंबऱ्या लिहिल्या. चार झाल्या, चारही तापावरच. संस्थेतले लोक माझी ओळख लेखिका म्हणून करून देत आणि साहित्यिक मंडळी डॉक्टर म्हणून, त्यामुळे दोन्ही घरी मी पाहुणीच होते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण ‘पडताळा’ आला आणि माझं डोकं फिरलं.

पडताळा म्हणजे काय ते आधी सांगते. गावोगावच्या आशाताई पूर्वी आजारपणाचे फॉर्म भरायच्या. नंतर फोनवर बोलून निवेदन देण्याची सोय झाली. कोण आजारी पडलं, काय झालं, कसं झालं, हे आपल्या बोलीत सांगायचं, फोन ते उतरवून घेतो. सोय चांगलीच होती, आणि तिच्यासाठी तीनशेवर आशाताईंना मी स्वतः शिकवलं होतं. मी एकच गोष्ट शिकवायची: जे दिसलं ते सांगा, जसं दिसलं तसं सांगा, मध्ये डॉक्टरी शब्द घुसडू नका. पुढे दिवसाला लाख-दीड लाख निवेदनं येऊ लागली. ती वाचायची कोणी, आणि त्यातली घरबसल्या रचलेली कुठली ते ओळखायचं कोणी? म्हणून हे यंत्र आलं. प्रत्येक निवेदन वाचून ते शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं, त्याला सत्यांक म्हणतात. आकडा चाळीसच्या वर गेला तर निवेदन पुढे सरकतं, रक्ताचे नमुने घ्यायची परवानगी मिळते आणि आरोग्य केंद्रातलं औषधाचं कपाट उघडतं.

हो, कपाटसुद्धा. जंतू साध्या औषधांना दाद देईनासे झाले तेव्हा प्रतिजैविकांवर कायद्याने कुलूप आलं. केंद्रात कपाटाला कुलूप, दुकानात खणाला कुलूप, आणि डॉक्टरची चिठ्ठी असली तरी मंजुरीचा क्रमांक आल्याशिवाय गोळी बाहेर येत नाही. कायदा वाईट नव्हता. त्याच्या बाजूने मी दोन लेख लिहिले होते. कुलपाची किल्ली पडताळ्याच्या हातात जाणार आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता असं यंत्र शिकतं कसं? त्याला हजारो खरी निवेदनं दाखवायची, हजारो खोटी दाखवायची, मग दोहोंतला फरक ते आपला आपण हुडकून काढतं. खरी मिळाली. खोटी कुठून आणायची? खोट्या फॉर्मचे ढीग सरकारी कपाटांत पडून आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ‘हे आमच्या जिल्ह्यातले खोटे फॉर्म’ असं सही करून द्यायला एकही अधिकारी पुढे येईना. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कादंबऱ्या वापरा. कादंबरी म्हणजे कल्पित, कल्पित म्हणजे खोटं, आणि त्यावर कुणाची सहीही लागत नाही! मराठीत ताप, उलट्या, धाप आणि मरण यांवर बारीकसारीक तपशिलाने लिहिणारं माणूस शोधता शोधता ते माझ्यापाशी पोचले. माझी बाराशे पानं त्या यंत्राला खोटेपणाचा धडा म्हणून घोकवण्यात आली.

परिणाम व्हायचा तोच झाला. ‘रुग्णास ताप होता, औषधोपचार केले, प्रकृती स्थिर’ याला सत्यांक अठ्ठ्याऐंशी. ‘म्हातारीनं पाणी मागायचं बंद केलं आणि भिंतीकडं तोंड करून निजली’ याला पंधरा. मी शिकवलेल्या बायका, ज्या डोळे उघडे ठेवून बघत होत्या आणि बघितलेलं सांगत होत्या, त्या झाडून साऱ्या खोटारड्या ठरल्या. मी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’, आणि सोबत माझ्या चार कादंबऱ्यांची नावं असलेली नमुना-यादी. तोच तो शिक्क्याचा कागद.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी फोन आला.

“म्याडम, माझी चोरी कसली?”

शालन पिसाळ. आटपाडीच्या पुढे हिंगणवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या आशाताई. वय बावन्न, मी शिकवलेल्या पहिल्या तुकडीतल्या. चौदा वर्षांची ओळख, आणि इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

“काय झालं शालनताई?”

“फोनवर निरोप आलाय. वाचते. ‘आपल्या निवेदनातील एक उतारा प्रकाशित कल्पित साहित्याशी चौऱ्याण्णव टक्के जुळतो. सत्यांक अकरा. आपली नोंदणी स्थगित करण्यात येत आहे. गावाची सर्व निवेदने गोठवण्यात येत आहेत.’ म्याडम, मी जल्मात कादंबरी वाचली न्हाई. पोथी वाचताना मला झोप येती. मी काय चोरनार?”

“निवेदन कशाचं होतं?”

“तापाचं. सक्रांतीपासनं चौघींची पोटं गळाली. दोघी सातव्यात, दोघी पाचव्यात. बाप्यांना ताप, डोसकं फुटतंय म्हनत्यात, खोकला. दोन म्हातारी मानसं गेली. आनि आता आमची ऋतुजा.” ऋतुजा म्हणजे त्यांची सून. “सहावा म्हैना चालूय. चार दिस झालं, ताप उतरंना. मानेवस्तीच्या दवाखान्यात आनून निजवलीया. कपाट म्होरं हाय, सिस्टर म्होरं हाय, आनि कपाट उघडत न्हाई, कारन मी चोर!”

मी म्हटलं, बघते, लगेच बघते. आशाताईंची निवेदनं ऐकायची मला परवानगी होती. मी शालनताईंचं निवेदन लावलं आणि कानाला हेडफोन लावून बसले. चौघींची हकिगत त्यांनी नेटकी सांगितली होती. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

“चौदा वर्सांमागं माझंबी असंच झालं. सात दिस ताप. पोटातलं हलायचं थांबलं तवा मी चुलीम्होरं हुते. कुनाला सांगितलं न्हाई. परातीत पीठ मळलेलं हुतं, त्येच्या दोन भाकरी थापल्या, हात धुतले, आनि मग बसले. तवाबी म्होरच्या रानात मेंढरं बसवलेली हुती. व्यायला लागलेली. कुत्र्यांनी वार वढत आनून आमच्या दारात टाकली, ती मीच उचलली. औंदाबी मेंढरं तितंच बसल्यात. ह्या चौघींच्याबी रानात बसलीवती. म्हनून सांगते.”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

त्या दोन भाकरी माझ्या तिसऱ्या कादंबरीत आहेत. एकशे बारावं पान. त्या कादंबरीला पुरस्कार मिळाला तेव्हा परीक्षकांनी मानपत्रात या दोन भाकरींचा खास उल्लेख केला होता. बी.ए.च्या प्रश्नपत्रिकेत ‘दोन भाकरींची प्रतिमा स्पष्ट करा’ असा दहा मार्कांचा प्रश्न येऊन गेला. समारंभात कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? मी हसून म्हटलं होतं, “लिहिता लिहिता हाताला लागलं.”

लागलं कसलं! पहिल्या शिबिरानंतर मी हिंगणवाडीला गेले होते, तेव्हा शालनताईंनी ओट्यावर बसून मला ते सांगितलं होतं. मूल जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मी नाव बदललं, गाव बदललं, आणि बदललं म्हणजे आपलं झालं अशी स्वतःची समजूत घातली. सगळे लेखक घालतात. पण मी नुसती लेखिका नव्हते. त्या ओट्यावर मी डॉक्टर म्हणून बसले होते, आणि डॉक्टरला सांगितलेलं छापायचं नसतं.

म्हणजे चोरी झाली होती, फक्त यंत्राने चोर चुकीचा धरला होता.

घरी जाऊन मी जुन्या वह्यांचं खोकं उपसलं. चौदा वर्षांपूर्वीची वही सापडली. भाकरींची ओळ होती, तिच्याखाली मी लाल रेघ मारलेली. पुढच्या ओळीत मेंढरं, कुत्री, वार, सगळं होतं, आणि त्यावर तिरकी काट मारून समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘मेंढरं काढावीत. प्रसंगात गर्दी होते.’

मी जमिनीवरच बसून राहिले. जनावरांकडून येणाऱ्या तापांची मी तज्ज्ञ! समोरची बाई सांगते की पोटात मूल असताना तिने व्यालेल्या मेंढीची वार हाताने उचलली, नंतर सात दिवस ताप आला आणि मूल गेलं. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही तिथे थांबावंसं वाटलं असतं. मी थांबले ती भाकरीपाशी, कारण भाकरी सुंदर होती.

या रोगाला क्यू फीव्हर म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी खाटीकखान्यातल्या मजुरांना हा ताप यायचा, कारण सापडेना, म्हणून त्याला नुसतं ‘क्वेरी’, म्हणजे प्रश्नाचा ताप, असं नाव दिलं, त्यातला क्यू तेवढा चिकटला. याचा जिवाणू शेळ्यामेंढ्यांच्या वारेत, म्हणजे पिलामागून बाहेर पडणाऱ्या झारेत, कोट्यवधींनी असतो. वार सुकली की तो धुळीत मिसळतो, महिनोन् महिने मातीत टिकतो आणि वाऱ्याबरोबर मैल-दोन मैल सहज जातो. धडधाकट माणूस तापून, खोकून बहुधा बरा होतो. गरोदर बाईचं मूल मात्र जाऊ शकतं. आणि याच्यावर गरोदरपणात द्यायची गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, कुठल्याही आरोग्य केंद्राच्या कपाटात असते.

फॉर्ममध्ये प्रश्न असतो, ‘घरी शेळ्यामेंढ्या आहेत का?’ हिंगणवाडीतली सगळी घरं खरं तेच सांगत होती, नाही. मेंढरं त्यांची नव्हतीच. त्या भागात सुगी झाली की शेतकरी धनगराला बोलावतो आणि खतासाठी त्याचा कळप आपल्या रानात बसवतो. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, दोन-चार रात्री मेंढरं बसवायची, मग पुढचं रान. फॉर्मात पाळलेल्या जनावरांचा रकाना आहे, पाहुण्या जनावरांचा नाही. ते फक्त बोलून सांगता येतं, आणि बोलून सांगणाऱ्या बाईला आपण चोर ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सन्मती हेरवाडेच्या कार्यालयात जाऊन बसले. सन्मती माझा विद्यार्थी. पहिल्यांदा गावात मीच त्याला नेलं होतं. हुशार मुलगा, पण माणसांपेक्षा आकड्यांत जास्त रमायचा. आता साऱ्या राज्यातल्या पडताळ्याचा तो प्रमुख होता.

“मॅडम, चौऱ्याण्णव टक्के म्हणजे योगायोग नसतो,” तो म्हणाला. “बाईंनी तुमची कादंबरी कुठेतरी ऐकली असणार. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ऐकलेलं लोक आपलं म्हणून सांगतात.”

“तिच्या सुनेला ताप आहे, सन्मती. क्यू फीव्हर आहे. कपाट उघड.”

“नमुन्याशिवाय कसं उघडू?”

“नमुना घ्यायला तुझी परवानगी लागते ना?”

“निवेदन गोठलंय तोवर परवानगी निघत नाही.”

“आणि निवेदन गोठवलंय कारण ती माणसासारखं बोलली!” माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई डोकावला. “तू एक यंत्र बनवलंस, ते कोरड्या थापांना शाबासकी देतं आणि बघून सांगणाऱ्या बाईला हाकलून देतं. चार मुलं गेली, तुझ्या पडद्यावर एक टिंबही उमटलं नाही. लाज कशी वाटत नाही रे?”

तो शांतपणे ऐकून घेत होता, आणि माझा राग त्यामुळे आणखीच वाढत होता. मग त्याने छापील कागद पुढे सरकवला. “सोपा मार्ग आहे. बाईंनी यावर सही करायची. गोठवणूक उठेल. तेवढा उतारा वगळून निवेदन पुन्हा घालू, मेंढरांचा मुद्दा मी स्वतः कोरड्या भाषेत लिहितो. दोन दिवसांत कपाट उघडेल. संचालक म्हणून मला थेट उघडायचा अधिकार आहे, पण तो मी तीन वर्षांत एकदाही वापरलेला नाही. माणसाने मध्ये हात घातला की संपलं सगळं.”

कागदावर दोन ओळी होत्या. ‘मी दिलेल्या निवेदनात प्रकाशित कादंबरीतील मजकूर आला, याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही.’

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं की चौकशी, चौकशीनंतर संस्थेतून हकालपट्टी, पुरस्कार परत, आणि वर्तमानपत्रांत नाव. मी मनाशी म्हटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, सही झाली की औषध मिळेल, पोरगी वाचेल, मग सावकाश शालनताईंना सगळं सांगू. भित्रं माणूस स्वतःशी किती गोड बोलतं! मी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि गाडी काढली.

मानेवस्तीचं आरोग्य केंद्र तीन खोल्यांचं. मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, तरी ऊन तापलेलं होतं. मधल्या खोलीत कॉटवर ऋतुजा पडली होती. बावीस-तेवीस वर्षांची, ओठ फुटलेले, एक हात पोटावर ठेवलेला. लोखंडे सिस्टर कपाळावरची पट्टी बदलत होत्या. चार पावलांवर लोखंडी कपाट होतं, त्याच्या कुलपावर लाल दिवा.

“अजून हलतंय बाळ,” सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या. “पण सकाळपेक्षा कमी.”

शालनताई कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या. मी कागद दिला. काय आहे, सही केल्यावर काय होईल, ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या.

“द्या पेन. पोरीचं वाचतंय तर माझी अब्रू घेऊन काय करायची हाय मला?” त्यांनी पेन घेतलं आणि हात थांबवला. “पर येक करा म्याडम. मी कुनाचं चोरलं म्हनत्यात, त्ये वाचून दावा. न केलेल्या चोरीवर सई करायची, तर माल तरी बघू द्या.”

पुस्तक फोनमध्ये होतं. सापडत नाही म्हणता आलं असतं. ऋतुजाकडे बघितलं आणि खोटं बोलायचा धीर झाला नाही. एकशे बारावं पान काढून मी वाचलं.

“पोटातलं हलायचं थांबलं तेव्हा पारू चुलीपुढे होती. तिने कुणाला सांगितलं नाही. मळलेल्या पिठाच्या दोन भाकरी थापल्या, हात धुतले, आणि मग ती बसली.”

सिस्टरांनी पट्टी पिळायची थांबवली.

“ही पारू कोन?” शालनताईंनी विचारलं.

“तुम्ही.”

“कादंबरी कुनाची?”

“माझी.”

त्यांनी चष्मा काढला. “दोन भाकरीचं मी फकस्त तुमास्नी सांगितलं हुतं. माझ्या मालकाला अजून ठावं न्हाई. त्येला वाटतंय रातच्याला झोपंत गेलं पोर. मी भाकरी थापत बसले ह्ये त्येला सांगायची मला छाती न्हाई झाली.” त्यांचा आवाज आता वर चढला. “आनि आता ह्या पोरीसाठी काळीज घट्ट करून त्या मशिनीला सांगितलं, तर मशीन म्हनती चोरलं! माझंच पोर, माझीच भाकर, आनि चोर मी? तुमी मला इचारलं का म्याडम? येकदा तरी?”

“नाही विचारलं.”

“आनि मेंढरं? मेंढरं न्हाईत हितं.”

“काढून टाकली.”

“कशापायी?”

“प्रसंगात गर्दी होत होती.”

“गर्दी,” शालनताई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. “तवाच लिवलं असतं, तर ह्या चौघींची पोरं वाचली असती का न्हाई? डाक्टर हायसा तुमी. सांगा.”

“असती. बहुतेक असती.”

कॉटवरून ऋतुजा सासूशी बोलली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. “आत्या, सई कुनीबी करा. पर लवकर करा.”

मी शालनताईंच्या हातातून कागद घेतला. ‘मी दिलेल्या निवेदनात’ यावर काट मारली, दुसऱ्या ओळीवरही मारली. वर लिहिलं: ‘माझ्या कादंबरीत श्रीमती शालन पिसाळ यांनी मला डॉक्टर म्हणून विश्वासाने सांगितलेला मजकूर त्यांना न विचारता आला, याबद्दल मी दिलगीर आहे. त्यांचे निवेदन शब्दशः खरे आहे.’ खाली सही केली, हुद्दा लिहिला, फोटो काढून सन्मतीला पाठवला आणि फोन लावून आवाज मोठा केला.

“मॅडम, हे फाइलवर आलं तर परत घेता येणार नाही,” सन्मती म्हणाला.

“माहीत आहे.”

“रुग्णाचं बोलणं परवानगीशिवाय छापलं म्हणजे नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. कपाट उघड.”

“असं कसं उघडू? नमुना-यादीतून तो उतारा काढायला लागेल, यंत्राला पुन्हा शिकवायला लागेल, समिती बसेल, निदान तीन आठवडे...”

शालनताईंनी माझ्या हातातला फोन घेतला.

“सायेब, मी शालन पिसाळ बोलते. माझं पोर पोटात गेलं त्येला चौदा वर्सं झाली. मेंढरांची वार मी ह्या हातानं उचलली हुती. आता तुमी सांगा, ह्ये खरं का खोटं? मशिनीला इचारू नगा. तुमी सांगा.”

पलीकडे कळफलकाची टकटक चालली होती, ती थांबली.

“खरं आहे, ताई,” सन्मती म्हणाला.

“मग उघडा.”

मिनिटभरात कुलपात खट् झालं आणि दिवा हिरवा झाला. लोखंडे सिस्टर धावल्याच. एका माणसाने ‘खरं आहे’ म्हणायला चार गर्भ, दोन म्हातारी माणसं आणि एक लाल दिवा एवढं सगळं लागावं, याचा संताप मला आजही येतो, आणि त्यातला मोठा वाटा मी स्वतःकडे ठेवते. ऋतुजाला जूनमध्ये मुलगी झाली. वजनाने थोडी कमी, आवाजाने भरपूर. त्या दुपारी मात्र आम्हांला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने गोळी गिळली, पाणी प्यायली आणि डोळे मिटले, तेवढंच आम्ही बघितलं.

शालनताई तोवर कपाटापुढे बसून गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होत्या. नोंदणी स्थगित होती त्यांची. ते त्यांच्या लक्षातही नव्हतं किंवा असलं तरी पर्वा नव्हती.

“सिस्टर, हिच्यापाशी बसा. मी येते जाऊन.”

“गावात ना?” मी विचारलं.

“आधी धनगरांच्या पालावर. म्हाळू कोळेकराची बायकू बाळंत होऊन आठ दिस झालं, तिलाबी ताप हाय. धनगराचं कुनी लिवूनच घेत न्हाई, आज हितं उद्या तितं. आनि मेंढरांनी ताप आनला ह्ये गावात कळलं की पालावर धोंडं पडतील. त्येच्या आत तिच्या पोटात गोळी जाया पायजे, आनि तुमी तितं हुबं ऱ्हाया पायजे. डाक्टर म्हनून. गावाला समजावून सांगायला.”

“येते. शालनताई, मी चुकले. मला...”

“व्हय, चुकला,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. “त्येचं मागनं बघू. ती पिशवी घ्या.”

पिशवी जड होती. मी ती खांद्याला लावली आणि त्यांच्या मागोमाग उन्हात निघाले.